राजीनाम्याचा तयार मसुदा

प्रश्न

मी गोव्यात फोंड्याला राहते आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात मनुष्यबळ विभागात सहायक व्यवस्थापक आहे. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात रात्रपाळीत पॅकिंगच्या एका लाइनवर गोंधळ झाला. आधीच्या बॅचची, 500 मिलिग्रॅमच्या गोळ्यांची काही कार्टन 250 मिलिग्रॅमच्या मालाच्या खोक्यांत गेली. गोदामात वेळीच लक्षात आल्यामुळे माल बाहेर गेला नाही. बॅच सुरू करण्यापूर्वी लाइन रिकामी असल्याची खात्री देणाऱ्या कागदावर, म्हणजे लाइन क्लिअरन्सवर, तीन सह्या आहेत: प्रोबेशनवर असलेल्या सत्तरी तालुक्यातील एका तरुण ऑपरेटरची, सुपरवायझरची आणि गुणवत्ता विभागाच्या केमिस्टची. प्लांट हेडनी मला सांगितले आहे की त्या तरुणाचा राजीनामा घ्या आणि अनुभवाचा दाखला चांगला द्या, म्हणजे त्याचेही नुकसान होणार नाही. राजीनाम्याचा मसुदा मीच करायचा आहे आणि त्यावर घटनेच्या आधीची तारीख घालायची आहे.

तो तरुण मला एकटीला भेटला आणि कुणालाही न सांगण्याच्या बोलीवर म्हणाला की त्या रात्री क्लिअरन्स झालाच नव्हता. माणसे कमी होती, माल सुट्टीपूर्वी रवाना करायचा होता, सुपरवायझरनी ‘आधी लाइन चालू कर, कागद सकाळी बघू’ असे सांगितले आणि तिन्ही सह्या पाळी सुटताना झाल्या. असे पूर्वीही घडले आहे, असेही त्याचे म्हणणे आहे. आता लाइनवरचे कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकमेकांशी बोलत नाहीत. टीम-बिल्डिंगसाठी एक सहल काढली की सारे सुरळीत होईल, असे प्लांट हेडना वाटते. त्यातून सुपरवायझर आमच्याच वाड्यावरचे आहेत आणि त्यांना मी लहानपणापासून दादा म्हणते. घरावर कर्ज आहे. मी काय करावे?

एक वाचक, फोंडा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण राजीनाम्यापासून सुरुवात केली आहे, परंतु आपल्या पत्रातील सर्वांत तातडीचे वाक्य खाली, जवळजवळ जाता जाता आलेले आहे: असे पूर्वीही घडले आहे. या वेळचा माल गोदामात सापडला. त्या आधीच्या रात्रींच्या बॅचचे काय झाले हे आपल्याला ठाऊक नाही, त्या तरुणालाही ठाऊक नाही, आणि ज्यांना ते तपासता येईल त्यांना तपासायचे काही आहे याचीच कल्पना नाही. 250 मिलिग्रॅमच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाच्या हाती 500 मिलिग्रॅमची पाकिटे पडली, तर त्याचा परिणाम औषध कोणते आणि रुग्ण कोण यावर अवलंबून राहील. तो अंदाज बांधण्याचे काम मनुष्यबळ विभागाचे नाही. म्हणून प्रथम एवढेच करा. गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांना लेखी कळवा की काही पाळ्यांमध्ये लाइन क्लिअरन्स प्रत्यक्ष न होता कागद नंतर भरले जातात अशी माहिती आपल्यापर्यंत आली असून मागील बॅचची तपासणी आवश्यक वाटते. माहिती कोणी दिली हे या पत्रात लिहिण्याची गरज नाही. तिसरी सही त्यांच्याच विभागातील केमिस्टची असल्यामुळे हे पत्र त्यांनाही रुचणार नाही, तेव्हा त्याची प्रत कंपनीच्या मुख्य कार्यालयातील गुणवत्ता प्रमुखांकडे जाऊ द्या. हे काम आज करण्याचे आहे. राजीनाम्याचा विषय दोन दिवस थांबला तरी चालेल.

यावर आपली पहिली शंका अशी असेल की त्या तरुणाला दिलेल्या शब्दाचे काय. आपण शब्द दिला होता, की त्याने तो मागितला आणि आपण गप्प राहिलात, हे पत्रावरून स्पष्ट होत नाही. पण दोन्हींचा अर्थ त्याच्या मनात एकच झाला असणार. मनुष्यबळ विभागातील व्यक्तीला संपूर्ण गुप्ततेचे वचन देता येत नाही, कारण तिच्या कानावर येणाऱ्या काही गोष्टी तिसऱ्याच माणसाच्या जिवाशी निगडित असतात आणि तो माणूस त्या खोलीत नसतो. यापुढे कोणी दार लोटून घेऊन बोलू लागले, तर त्याचे बोलणे सुरू होण्यापूर्वीच हे सांगत जा. या वेळी ती संधी गेली आहे, म्हणून पत्र पाठवण्यापूर्वी त्याला बोलावून सरळ सांगा: तुझे नाव मी माझ्याकडून पुढे करणार नाही, पण क्लिअरन्सची गोष्ट दडपता येणार नाही, आणि चौकशी झाली तर हे तू स्वतःच सांगितलेस तर ते तुझ्या हिताचे ठरेल. तो रागावेल, कदाचित आपल्यावरचा विश्वास तुटला असेही म्हणेल. ते ऐकून घ्यावे लागेल.

आता राजीनामा. प्लांट हेडनी मांडलेली ‘त्याचेही नुकसान होणार नाही’ ही बाजू वरकरणी दयाळू वाटते आणि आपल्यासारख्या सज्जन अधिकाऱ्यांना अडकवते ती नेमकी हीच दया. राजीनामा हा देणाऱ्याच्या इच्छेतून यावा लागतो. मालकाने मजकूर लिहायचा, तारीख मालकाने घालायची आणि कामगाराने केवळ सही करायची, या व्यवहाराला न्यायालये राजीनामा मानत नाहीत. दबाव सिद्ध झाला की ते नोकरीवरून काढून टाकणे ठरते. मागची तारीख घातल्याने तर प्रकरण अधिकच बिघडते. घटनेच्या रात्री हजेरीपटावर त्याची हजेरी आहे, बॅच रेकॉर्डवर सही आहे, आणि राजीनामा मात्र त्यापूर्वीचा. या कागदाचा कर्ता कोण, असा प्रश्न उद्या आला तर उत्तरात प्लांट हेडचे नाव कोठेही नसेल, कारण त्यांनी तोंडी सांगितले आहे. मसुदा आपल्या संगणकावर असेल. सकाळी भरलेल्या क्लिअरन्सच्या कागदात आणि या राजीनाम्यात तत्त्वतः कोणता फरक आहे, हे आपण स्वतःला एकदा विचारून पाहा. रात्री त्या तरुणाकडून जे करवून घेतले गेले, असे तो सांगतो, तेच आज आपल्याकडून करवून घेतले जात आहे.

तो प्रोबेशनवर आहे, म्हणून त्याला काढणे सोपे आहे, असे आपल्याला सांगितले जाईल. ते अर्धेच खरे आहे. काम समाधानकारक नाही म्हणून प्रोबेशन संपवता येते, परंतु एखाद्या विशिष्ट गैरवर्तनाचा ठपका हाच काढण्याचा खरा पाया असेल, तर आदेशाची भाषा कितीही साधी ठेवली तरी न्यायालय तिच्या मागे पाहते. शमशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 1974 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व सरकारी सेवेच्या संदर्भात स्पष्ट केले आणि पुढे अनेक प्रकरणांत त्याचा आधार घेतला गेला. कायद्याची चौकटही सध्या बदलत आहे. 1946 चा स्थायी आदेशांचा कायदा आणि 1947 चा औद्योगिक विवाद कायदा यांची जागा घेणारी 2020 ची औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे, त्यामुळे कोणता नियम आपल्या कारखान्याला कसा लागू होतो हे कंपनीच्या कायदा सल्लागारांकडून लेखी घ्या. मात्र आरोप कळवल्याशिवाय आणि बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा नाही, हे सूत्र जुन्यातही होते आणि नव्यातही आहे.

येथे मला एक गोष्ट आपल्या विरुद्ध बाजूने मांडायची आहे. आपल्या पत्रात तो तरुण निष्पाप आहे आणि सुपरवायझर दोषी आहेत, असा निकाल ओळींच्या मध्ये लागून गेला आहे. आपण एकाच माणसाचे ऐकले आहे आणि त्या माणसाची नोकरी धोक्यात आहे. शिवाय त्याची गोष्ट शब्दशः खरी मानली तरी न केलेल्या कामावर त्याने सही केली आहे, आणि औषध कारखान्यात ही किरकोळ बाब नव्हे. त्याला जबाबदारीतून मुक्त करावे असे मी म्हणत नाही. सही करणारे तिघे होते, वरच्या दोघांचे अधिकार आणि अनुभव दोन्ही अधिक होते, आणि तिघांपैकी ज्याला काढणे सर्वांत स्वस्त पडते त्याचीच सही तेवढी वाचली गेली, यावर माझा आक्षेप आहे. चौकशी झाली तर तिघांची व्हावी, आणि शिक्षा झाली तर ज्याच्या-त्याच्या वाट्याच्या प्रमाणात व्हावी.

पुरावा आपल्या हाताशी आहे आणि तो आपल्याच विभागाकडे अधिक आहे. केमिस्ट त्या रात्री पॅकिंग हॉलमध्ये किती वाजता आले, आले की नाही, हे प्रवेशाच्या कार्डाच्या नोंदीत असेल. लाइन किती वाजता सुरू झाली हे यंत्रावरील नोंदीत आणि पाळीच्या वहीत असेल. कॅमेऱ्याचे चित्रण बहुतेक ठिकाणी ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी सूचना सुरक्षा आणि माहिती-तंत्रज्ञान विभागाला ताबडतोब द्या. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. त्या रात्री लाइनवर असलेले कंत्राटी कामगार हे या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे साक्षीदार आहेत आणि सर्वांत लवकर नाहीसे होऊ शकणारेही तेच आहेत. कंत्राटदाराला कोणी फोन केला की गेटपास बंद होतो, माणूस दुसऱ्या वसाहतीत, कुंडईला किंवा मडकईला पाठवला जातो, किंवा गावी निघून जातो. त्यांचे जबाब नोंदले जाईपर्यंत त्यांच्या नेमणुकीत बदल करू नये, असे कंत्राटदाराला लिहून कळवा. हे जबाब ज्याला जी भाषा येते त्या भाषेत घ्या, कानडी बोलणाऱ्याचे कानडीत आणि हिंदी बोलणाऱ्याचे हिंदीत, आणि वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही किंवा अंगठा घेऊ नका. इंग्रजीत टंकलेल्या जबाबाखाली कोकणी माणसाची सही घेण्याची जी सवय आपल्याकडील अनेक कारखान्यांना आहे, ती या प्रकरणात तरी टाळा.

मात्र ही चौकशी आपण स्वतः करू नका. सुपरवायझर आपल्या वाड्यावरचे आहेत, चवथीला एकमेकांच्या घरी जाणे-येणे आहे. गोव्यात हे अपवादात्मक नाही. वेर्ण्यातील एखाद्या कारखान्यात कोणाचे तरी कोणाशी नाते, शेजार किंवा देवस्थानचा संबंध निघाला नाही, तर मला आश्चर्य वाटेल. त्यामुळे असा संबंध असण्यात लाजण्यासारखे काही नाही, तो न सांगण्यात मात्र आहे. आपण त्यांना दोषी धरले तर लोक म्हणतील की जुने काही उट्टे काढले, निर्दोष ठरवले तर म्हणतील की वाड्यावरच्या माणसाला सांभाळून घेतले, आणि दोन्ही वेळा चौकशीचा निष्कर्ष बाजूला पडेल. म्हणून संबंध लेखी जाहीर करून चौकशी अधिकारी म्हणून काम करण्यास नकार द्या आणि उत्पादन विभागाशी संबंध नसलेला, शक्यतो बाहेरचा अधिकारी नेमण्याची शिफारस करा. दादांशी या विषयावर घरी, देवळात किंवा कंपनीच्या बसमध्ये एक शब्दही बोलू नका, आणि त्यांनी काढला तर तेथेच थांबवा. त्यांनाही आपली बाजू मांडण्याची पूर्ण संधी मिळाली पाहिजे, आणि ती त्यांना कार्यालयातच मिळाली पाहिजे.

चौकशीच्या बाबतीत अजून एक भेद सांभाळावा लागेल. गोंधळ कसा झाला हे शोधणे वेगळे आणि कोणाला शिक्षा करावी हे ठरवणे वेगळे. पहिले काम गुणवत्ता विभागाचे आणि दुसरे शिस्तभंगाच्या प्रक्रियेचे आहे. दोन्ही एकाच बैठकीत, एकाच कागदावर केली की पहिले काम होतच नाही, कारण आपण उच्चारलेले वाक्य उद्या आरोपपत्रात येणार हे कळताच प्रत्येक जण ‘मला आठवत नाही’ असे म्हणू लागतो. ‘मानवी चूक’ असे लिहून फाइल बंद करण्याचा मोह औषध उद्योगात इतका सार्वत्रिक आहे की युरोपीय संघाच्या औषधनिर्मिती नियमावलीच्या पहिल्याच प्रकरणात त्याची दखल घेतली आहे: मानवी चूक हे कारण द्यायचे असेल तर कार्यपद्धतीतील आणि व्यवस्थेतील दोष नजरेआड झालेले नाहीत, याची खात्री करून ते कारण समर्थनीय असल्याचे दाखवावे लागते. आपल्याकडेही औषध नियमावलीतील शेड्यूल एम, म्हणजे औषधनिर्मितीच्या योग्य पद्धतींचे परिशिष्ट, डिसेंबर 2023 मध्ये सुधारित स्वरूपात अधिसूचित झाले असून गुणवत्ता प्रणालीची जबाबदारी त्यात अधिक ठळक झाली आहे. तेव्हा एका तरुणाचा राजीनामा जोडून हे प्रकरण संपले असे दाखवणे कामगार कायद्याच्या दृष्टीने जितके धोक्याचे आहे, तितकेच ते कारखान्याच्या परवान्याच्या दृष्टीनेही आहे. प्लांट हेडशी बोलताना नीतीची भाषा ऐकली जात नसेल, तर ही बाजू पुढे करा. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

व्यवस्थेतील दोष शोधू लागलात की शोध आपल्या टेबलापर्यंतही येईल. चवथीच्या आदल्या आठवड्यात त्या पाळीत माणसे कमी होती. रजा मंजूर कोणी केल्या? लाइन चालवायला किमान किती प्रशिक्षित माणसे लागतात हे ठरलेले होते का, आणि ती नसताना लाइन बंद ठेवण्याचा अधिकार कोणाला होता? कायम कामगार रजेवर, लाइनवर कंत्राटी कामगार आणि एक प्रोबेशनर, माल मात्र सुट्टीपूर्वी जाणारच, अशी मांडणी ज्या दिवशी रजांच्या तक्त्यावर आली, त्या दिवशीच या घटनेची निम्मी तयारी झाली होती. तो तक्ता मनुष्यबळ विभागाचा आहे. चौकशी अधिकाऱ्यांपुढे तो आपण होऊन ठेवा. इतरांकडून खरे बोलण्याची अपेक्षा करणाऱ्या विभागाने आपले कागद मागून घेतले जाण्याची वाट पाहू नये.

गोव्यातील कारखान्यांना सणांचा हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी तो अचानक आल्यासारखा हाताळला जातो. चवथीला हिंदू कामगार, 3 डिसेंबरच्या सेंट झेवियरच्या फेस्ताला आणि नाताळाला ख्रिस्ती कामगार, शिगम्याला पुन्हा गावोगावचे लोक, आणि दिवाळी ते छठपर्यंत बिहार-उत्तर प्रदेशाकडचे कंत्राटी कामगार जागेवर नसतात. या तारखा पंचांगात आणि दिनदर्शिकेत वर्षभर आधी छापलेल्या असतात. वर्षाच्या सुरुवातीलाच तिन्ही पाळ्यांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवून रजांचा तक्ता ठरवा, त्यात कंत्राटी कामगारांचेही प्रतिनिधी घ्या, आणि प्रत्येक लाइनसाठी किमान मनुष्यबळ लिहून टाका. माणसे त्याहून कमी असतील तर लाइन चालणार नाही आणि त्याचा जाब पाळीच्या सुपरवायझरला विचारला जाणार नाही, एवढे प्लांट हेडच्या सहीने निघाले पाहिजे. दादांनी त्या रात्री खरोखरच तसे सांगितले असेल, तर लाइन बंद ठेवली असती तर सकाळी त्यांचे काय झाले असते, याचेही उत्तर चौकशीत यायला हवे.

सहलीबद्दल माझे मत आपल्याला एव्हाना कळले असेल. ती आता काढू नका. चौकशी चालू असताना ज्यांच्यापैकी काही साक्षीदार आहेत आणि काहींवर आरोप येण्याची शक्यता आहे, अशा माणसांना एकाच बसमध्ये बसवून कोलव्याच्या किनाऱ्यावर दोरीखेच खेळायला लावणे हे मला क्रूर वाटते. त्या पाळीतील माणसे एकमेकांना ओळखत नाहीत म्हणून अबोला धरून नाहीत. ती एकमेकांना चांगली ओळखतात. कोण काय जाणतो आणि कोण काय बोललेला नाही, हे प्रत्येकाला माहीत आहे. कायम कामगारांना वाटते की कंत्राटी माणसे तोंड उघडतील, आणि कंत्राटी कामगारांना वाटते की शेवटी दोष ‘भायल्यांवर’च, म्हणजे बाहेरच्यांवरच, ढकलला जाईल. या दोन्ही भीती निराधार नाहीत, आणि त्या चौकशी कशी होते यावरच कमी होतील किंवा वाढतील.

संघभावना या शब्दाचा आपल्याकडे एक सोयीचा अर्थ रूढ झाला आहे: तक्रार न करणारा तो संघाचा माणूस. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने 1990 च्या दशकात दोन रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील अशी तिची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. नेतृत्व चांगले आणि संबंध मोकळे असलेल्या गटांत चुकांची नोंद अधिक होती, आणि तिने त्याचा अर्थ असा लावला की तेथे चुका अधिक होत नसून अधिक सांगितल्या जात होत्या. आपल्या कारखान्यातील रात्रपाळीच्या नोंदवहीत गेल्या वर्षभरात किती विचलने, म्हणजे ठरलेली पद्धत मोडल्याच्या घटना, नोंदली गेली, ते पाहा. आकडा शून्याजवळ असेल तर तो प्लांट हेडना अभिमानाने दाखवण्यासारखा नाही. पाळीचा इन्सेंटिव्ह कसा ठरतो, तेही त्याच वेळी तपासा. तो केवळ भरलेल्या कार्टनच्या संख्येवर ठरत असेल, तर लाइन थांबवणारा ऑपरेटर आपल्याच सहकाऱ्यांच्या खिशात हात घालतो आणि त्याला गप्प बसवण्याचे काम सहकारीच करतात. त्यासाठी सुपरवायझरने काही बोलण्याचीही गरज उरत नाही. क्लिअरन्ससाठी लागणारा वेळ उत्पादनाच्या उद्दिष्टातून आधीच वजा करणे आणि चूक कळवण्यासाठी थांबलेल्या लाइनचा इन्सेंटिव्ह न कापणे, या दोन बदलांनी त्या पाळीत जे होईल ते कोणत्याही रिसॉर्टमध्ये होणार नाही.

कंत्राटी कामगार पाळीच्या सुरुवातीच्या बैठकीला असतात का, हेही विचारायचे राहून गेले. बहुतेक ठिकाणी नसतात. त्यांना सूचना मिळतात त्या लाइनवर उभे राहिल्यानंतर, हातवारे आणि मोडक्या हिंदीत. क्लिअरन्स म्हणजे काय आणि तो का करायचा, हे त्यांना कोणी त्यांच्या भाषेत कधी सांगितले आहे, याची प्रशिक्षणाच्या नोंदीत केवळ सही सापडेल. ती सही किती खरी आहे, हे आता आपणच ताडू शकाल.

राहिला आपल्या नोकरीचा प्रश्न, आणि त्याबद्दल मी आपल्याला खोटा धीर देणार नाही. कामगाराला जे संरक्षण कायदा देतो ते व्यवस्थापकीय पदावरील व्यक्तीला सहसा मिळत नाही, त्यामुळे श्रम आयुक्तांचे पणजीतील कार्यालय त्या तरुणाला जितके उपयोगी पडेल तितके आपल्याला पडणार नाही. आपले संरक्षण कागदात आहे. प्लांट हेडनी तोंडी दिलेल्या सूचनेला ईमेलने उत्तर द्या. त्यात आरोप करू नका, तक्रारीचा सूर नको. ‘आपण सांगितल्याप्रमाणे राजीनाम्याचा मसुदा व मागील तारीख याबाबत विचार केला. अशा कागदामुळे कंपनी कायदेशीर अडचणीत येण्याची शक्यता असल्याने मी तो तयार करू शकत नाही. त्याऐवजी तिन्ही संबंधितांना कारणे दाखवा नोटीस देऊन स्वतंत्र अधिकाऱ्यामार्फत चौकशी करावी, असे मी सुचवते.’ एवढे पुरे. आपल्या नोंदींमध्ये प्रत्येक संभाषणाची तारीख, वेळ आणि सारांश लिहून ठेवा, परंतु कंपनीचे बॅच रेकॉर्ड किंवा चित्रण स्वतःच्या फोनमध्ये घेऊन घरी नेऊ नका. तसे केले तर आपल्याला काढण्याचे कारण आपणच पुरवाल. कंपनी भांडवल बाजारात नोंदलेली असेल, जनतेकडून ठेवी घेत असेल किंवा तिचे बँकांकडील कर्ज 50 कोटी रुपयांहून अधिक असेल, तर 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 177 नुसार तिला दक्षता यंत्रणा ठेवावी लागते, तक्रार करणाऱ्याला त्रास होणार नाही याची तरतूद करावी लागते आणि योग्य प्रकरणांत लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट पोहोचण्याची सोय द्यावी लागते. वेर्ण्यातील अनेक औषध कंपन्या या व्याख्येत बसतात. आपली बसते का, हे कंपनीच्या संकेतस्थळावरील धोरणांत पाहता येईल.

एवढे करूनही प्लांट हेड दुसऱ्या कोणाकडून तो राजीनामा लिहून घेऊ शकतात. त्या तरुणाला आपण राजीनामा देऊ नकोस असा सल्ला देऊ नये, आणि नोकरी टिकेल असे आश्वासनही देऊ नये. दोन्ही आपल्या हातात नाहीत. कोणताही कागद पुढे आला तर तो घरी नेऊन वाचण्याचा, कामगार संघटनेच्या माणसाला किंवा वकिलाला दाखवण्याचा आणि उत्तरासाठी वेळ मागण्याचा त्याला हक्क आहे, हे मात्र आपण त्याला सांगू शकता. आपल्या पदावर असताना हे सांगणे कंपनीविरुद्ध जाणे ठरत नाही. तो कंत्राटी कामगारांपेक्षा थोडा वरचा आणि कायम कामगारांपेक्षा बराच खालचा, अशा मधल्या पायरीवर उभा आहे आणि त्या पाळीत त्याच्या बाजूने बोलणारे सध्या कोणी नाही. सोमवारी सकाळी आपल्याकडे पुन्हा मसुद्याची विचारणा झाली, तर ईमेल पाठवला आहे एवढेच सांगा, आणि त्या ईमेलची प्रत मुख्य कार्यालयातील मनुष्यबळ प्रमुखांना त्याच दिवशी जाईल असे पाहा.